खालची दांडी

मी धाकट्या बहिणीचा आयुष्यभर हेवा केला. रूपात ती माझ्यापुढे काहीच नव्हती. पण तिचे दोन्ही हात डोक्यावर जात, माझा उजवा जात नसे. माझ्या जन्माच्या वेळी डोकं बाहेर आलं, खांदा अडला आणि सुईणीनं घाबरून ओढलं. मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या, असं पुढे पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं. बोटं चालत, पण हात अंगालगत लोंबायचा, तळवा मागे वळलेला. आमच्या मुरबे गावातली पोरं विचारत, "मागं हात करून कोनाकडं मांगतेस गं?"

थंडीत आमच्याकडे बोंबील वाळत. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि ती बांबूच्या उंच दांडीवर टाकायची. मी खाली बसून जोड्या करायची, आई टांगायची. तेवढा वेळ आई माझी एकटीची असे. मग बहीण मोठी झाली; जोडीही करू लागली आणि चवड्यांवर उभी राहून टांगूही लागली. आई तिच्या बाजूला सरकली. माझा नुसता जळफळाट झाला.

मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाबांनी माझ्यापुरती एक दांडी कमरेएवढी खाली बांधून दिली. पहिल्याच दुपारी गावच्या कुत्र्यांनी ती साफ केली. बहीण पोट धरून हसली. आईसुद्धा हसली, आणि मला आईचाच जास्त राग आला.

"जाऊ दे, तू बसून जोड्या कर," आई म्हणाली. "तिचे हात हायत ना."

म्हणजे माझे नव्हते. त्या मोसमात मी बहिणीशी धड बोलले नाही.

लग्न होऊन मी बोईसरला आले. मला दिवस गेले तेव्हा आईनं सुईणीचं नावही काढू दिलं नाही, थेट दवाखाना गाठला. बाळाचा हात असा निघेल का, एवढंच ती विचारत राहिली. हे रक्तातून येत नाही, असं डॉक्टरांनी सांगूनही तिला पटेना.

मुलगी झाली. नर्स तिला खाली ठेवत असताना पोर दचकली आणि तिचे दोन्ही हात एकदम वर उडाले. आई रडायलाच लागली. तिनं ते इवलेसे हात ओठांना लावले, आधी एक, मग दुसरा.

मी पडल्या पडल्या बघत होते. पोटच्या पोरीचा मला हेवा वाटला.

"आई," मी म्हटलं, "आदी मला जवळ घे."