गादीची बापाची बाजू

विश्वजितचा दिवस सकाळी सव्वासातला सुरू व्हायचा. त्या वेळी त्याचा बाप केरबा रातपाळी संपवून इचलकरंजीतल्या आमच्या चाळीत परतायचा. पोरगं उठायचं, बाप त्याच गादीवर आडवा व्हायचा. आई नव्हती. दिवसा पोराकडं बघायला हवं, म्हणून केरबानं कायमची रातपाळी मागून घेतली होती. तो चालवायचा तोच यंत्रमाग दिवसा मी चालवायचो. बारा-बारा तास.

रात्री पोरगं आमच्याकडं जेवून शेजारी आपल्या खोलीत झोपायचं. मी डोकावून यायचो. ते नेहमी गादीच्या कडेला.

"मधी झोप की लेका, पडशील."

"बाबांची जागा हाय ती."

अकरा वर्षं ती जागा रात्री रिकामी राहिली.

पुढं त्यानं कोल्हापुरात मानसशास्त्र घेतलं, एम.ए. केलं आणि बंगळूरला झोपेच्या संशोधनाला लागला. मी म्हटलं, "झोप शिकायला बंगळूर कशाला? आमच्या शेडात डोळा लाव, मालक फुकट शिकवंल." हसला. पण कामाला चोख. रात्रभर माणसांच्या डोक्याला तारा लावून आलेख बघायचा, दिवसा प्रबंध लिहायचा. सात वर्षं त्यानं बापाचीच पाळी केली.

केरबानं काम सोडल्यावर विश्वजितनं त्याला बंगळूरला नेलं. आठव्या मजल्यावरचं शांत घर. तिसऱ्या रात्रीही बाप बसूनच. काय झालं ते केरबानंच मला सांगितलं.

"झोपा की बाबा."

"कशी झोपू? आवाजच न्हाय. चाळीत रातंदिस मागांची खडखड असायची. माग थांबला की उठायचं, एवढंच अंगाला ठावं हाय."

झोपेसाठी शांतता लागते, हे विश्वजित पुस्तकातून शिकला होता. बाप चौथ्या दिवशी इचलकरंजीच्या गाडीत बसला.

गेल्या वर्षी विश्वजितही परतला. आता तो माग चालवणाऱ्यांच्या झोपेवर काम करतो. पगार निम्मा. बापाला घेऊन राहायला खोली घेतली ती शेडच्या भिंतीला लागून. लोक हसले.

परवा सव्वासातला मी चहा घेऊन गेलो. दार लोटलेलं होतं. भिंतीपलीकडं मागांची खडखड चालू, आणि आत दोघंही गाढ. पोरगं अजून कडेलाच. पण पलीकडची जागा भरलेली. हाक मारली नाही. चहा परत आणला.

इथल्या पहिल्या पगारातून त्यानं पिंजाऱ्याकडून सहा फूट रुंद गादी भरून घेतली होती.