पिसवांचा ठराव

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ज्या बिल्डिंगमध्ये एक कुत्रा, एक मांजर, एक पोपट आणि एक चेअरमन असतो, तिथे ते दारापुढच्या चपलांसारखे आपोआप साठत जातात.

आमची सोसायटी भाईंदर पश्चिमेला. काळ नव्वदच्या आगेमागे. दिवसा मी ऑफिसात कारकुनी करायचो आणि घरी येऊन सोसायटीची. म्हणजे सेक्रेटरी होतो. तळमजल्यावरच्या कुसुमताईंनी यजमान गेल्यावर टायगर आणला. टायगर म्हणजे पांढरा पामेरियन कुत्रा, उशीएवढा. ताई दिवसभरात काय बोलायच्या ते त्याच्याशीच. आणि चेअरमन नाडकर्णींचा एकच ध्यास, टायगर बिल्डिंगबाहेर गेला पाहिजे. कुणाला काहीही झालं तरी ते टायगरमुळेच झालेलं असे.

*

शहाभाईंचा पोपट खोकायला लागला. नाडकर्णींचं निदान तयार होतं: कुत्र्याचे केस घशात गेले. शहाभाई पिंजरा आणि मला घेऊन डॉ. डिमेलोंकडे निघाले. डिमेलो जनावरांचे डॉक्टर, मूळचे उत्तनचे, बोलणं मोजकं. त्यांनी चोच उघडून बघितली, पिसं चाळली, काही सापडेना. तेवढ्यात शहाभाईंना उबळ आली. पाठोपाठ पोपट हुबेहूब तसाच खोकला, शेवटच्या ‘हे भगवान’सकट.

डॉक्टर म्हणाले, “पोपटाला काय न्हाय. छातीचा फोटो तुमचा काढा.”

शहाभाई औषधाने बरे झाले. पोपटाने मात्र खोकला सोडला नाही, आणि त्यांच्याकडचे पाहुणे पाणीही न पिता उठू लागले.

*

चित्रे मास्तरांच्या मांजराच्या शेपटीखाली भाताची शितं चिकटलेली दिसायची. मास्तरांनी बायकोला ताकीद दिली, जेवताना सांडू नकोस. आठवडाभर घरात फक्त चपात्या झाल्या, तरी शितं येतच राहिली. मग एक शीत चालायला लागलं!

डिमेलोंनी सांगितलं, हे पोटातल्या पट्टकृमीचे, म्हणजे चपट्या जंताचे तुकडे, गोळी द्या. गोळी बोंबलात लपवली. मांजराने बोंबील खाऊन गोळी तेवढी ताटलीत ठेवली. मास्तर हाडाचे शिक्षक. स्वतःच्या आचरणातून शिकवावं यावर त्यांचा विश्वास. त्यांनी मांजराला समोर बसवलं आणि अर्धी गोळी स्वतः गिळून दाखवली.

मांजर होतं तसंच राहिलं. मास्तर मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकले नाहीत. नाडकर्णींनी याचंही खापर टायगरवर फोडलं.

*

कुसुमताई धास्तावल्या. चेअरमनला निमित्त नको म्हणून रोज टायगरच्या अंगावर गोचीड शोधू लागल्या. एकदा पोटाशी एक सापडली. ओढली, तर टायगरने किंकाळी फोडली. रॉकेल लावून बघितलं, हलेना. रडकुंडीला येऊन त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चष्मा लावला, काढला.

“ताई, ही गोचीड न्हाय. हे दूध पाजायचं बोंड हाय.”

“अहो पण टायगर मुलगा आहे!”

“हो. नाडकर्णींना पण हायत.”

*

त्या थंडीत बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या घोट्यांवर लाल पुरळ उठलं. पिसवाच त्या. नाडकर्णींनी गच्चीवर मीटिंग बोलावली. ठराव स्वतः सांगितला, मी लिहून घेतला: ‘ज्याच्या अंगावर पिसवांचा पुरावा सापडेल त्याने रविवारपर्यंत इमारत सोडावी.’ कुत्रा असा शब्द घालू का, मी विचारलं. ते म्हणाले, नको, व्यक्तिगत आकस दिसतो. सगळे खाजवत होते, त्यामुळे हात आपोआपच वर होते. ठराव मंजूर झाला.

कुसुमताई टायगरला पदराखाली घेऊन बसल्या होत्या. “याला कुठे ठेवू हो मी?” एवढंच त्या म्हणाल्या.

डिमेलोंना बोलावलेलंच होतं. त्यांनी पांढरा रुमाल ओला करून पसरला. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त; फणीने काळी कणी पाडायची, ओल्या कापडावर ती लाल झाली तर पिसवा, नाही तर साधी धूळ. टायगरला विंचरलं. कणी पडली. सगळे रुमालावर वाकले. कणी काळी ती काळीच राहिली.

कुसुमताईंनी डोळे पुसले. नाडकर्णी उसळले. म्हणाले, रुमालातच खोट आहे, याच्यावर कशाचंच काही लाल होणार नाही. आणि ते सिद्ध करायला त्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढून डॉक्टरांपुढे धरली. ती टोपी दिवसभर गच्चीच्या कठड्यावर उन्हात असायची, आणि मास्तरांचं मांजर दिवसभर त्या टोपीत.

डॉक्टरांनी टोपी विंचरली. रुमालावर मोहरीसारख्या कण्या पडल्या. मग हळूहळू एकेका कणीभोवती तांबडं पसरू लागलं.

नाडकर्णी रुमालाकडे बघत राहिले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून नाडकर्णीबाईंनी मला हळूच विचारलं, “सेक्रेटरी, रविवारपर्यंत म्हणजे रविवार धरून का?”