पाठीवरची कुसळं

आळेफाट्याच्या स्टँडवर मी मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. म्हातारी मांजर अंग चाटेनाशी झाली होती. पाठीवर केसांच्या गाठी आणि गाठींत गवताची कुसळं. आंघोळ घालायला गेलं की ओरबाडायची. शेवटी वैतागून, डॉक्टरांकडून सगळे केस कापूनच घ्यायला निघाले होते.

"आळशी झालीय मेली," मी शेजारच्या घोंगडीवाल्या बाबांना म्हणाले. मेंढरांमागं जन्म गेला, असं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं.

"आळस न्हाई ताई. वय झालंय, मान मागं वळत न्हाई. तिची जीभ पोचत न्हाई, तिथं तुमचा हात पोचू द्या."

त्यांनी एक गाठ मुळाशी दोन बोटांत धरली आणि कातडी न ओढता टोकाकडून हळूहळू सोडवली. मांजर डोळे मिटून गप्प पडली. मग चक्क पुढचा पंजा चाटू लागली. केस कापायचा विचार मी तिथंच सोडला.

एसटी लागली. बाबा उठले, तर त्यांच्या घोंगडीलाही मागं कुसळं.

"बाबा, थांबा," म्हणत मी एकेक वेचून काढली. तेवढा वेळ बाबाही डोळे मिटून उभे राहिले.