आईच्या हसण्यातली खोड

आमचा दादा दात बनवतो. लोकांना वाटतं ते काम डॉक्टरांचं. डॉक्टर फक्त तोंडाचा साचा घेतात आणि मिरवतात. खरं काम मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये, मेणाच्या वासात मान मोडून बसणाऱ्यांचं. दादा तिथे एकवीस वर्षं बसला.

त्याचा एक लाडका शब्द होता, खोड. सगळे दात सरळ रांगेत लावलेले दिसले की तो चिडायचा. “ही काय कंपाउंडची भिंत आहे? माणसाची खोड राहू दे की जरा!” मग गिऱ्हाइकाचा जुना फोटो मागवायचा आणि एखादा दात हळूच तिरका बसवायचा. आमच्या आईचा पुढचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. तिचे सगळे दात गेल्यावर दादाने कवळी करून दिली, ती त्या खोडीसकट. आरशात बघून आई एवढी हसली, की काय झालं म्हणून शेजारीण धावत आली.

पुढे लॅबचा मालक बदलला. नव्या मालकाने सगळ्यांच्या एका कागदावर सह्या घेतल्या. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं या शहरात दातांचं काम करायचं नाही, पैसे घेऊन नाही आणि फुकटही नाही. दादाने न वाचताच सही ठोकली. वर्षभरात दोघांचं बिनसलं. खोड ठेवण्यात वेळ जातो, म्हणे! दादा बाहेर पडला आणि एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागला. ते हात, आणि चिठ्ठ्या! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यातच आईची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे तुकडे झाले.

“दुसरी कर की,” मी म्हणाले.

“सही केलीय मी.”

“अरे, मालक काय आईच्या तोंडात डोकावायला येणार आहे?”

“लॅबमध्ये माझ्या शेजारी बसायचा ना, त्याने नोकरी सोडल्यावर मेहुण्याचा एकच दात केला. अजून कोर्टात खेटे घालतोय.”

मी तिरीमिरीत दुसरीकडून कवळी करून आणली. पांढरीशुभ्र, सरळसोट. आईने ती एकदा लावली, “ही कोण बाई?” म्हणाली आणि पेल्यातल्या पाण्यात ठेवून दिली. “माझा लेक करेल तेव्हा घालीन.” तेव्हापासून ती सगळं कुस्करून खायची आणि हसताना तोंडावर हात धरायची. हळूहळू हसायचीच बंद झाली.

दोन वर्षांनी बातमी आली. नोकरी सोडलेल्याला त्याचंच काम करण्यापासून अडवणारे असले करार नव्या कायद्याने रद्द झाले होते, जुनेसुद्धा. मी पेपर घेऊन गोदामात धावले. दादाने बातमी दोनदा वाचली. सही करताना एकदाही वाचलं नव्हतं, शहाण्याने.

डॉक्टरांनी आईचा नवा साचा घेतला. तो हातात आल्यावर दादा त्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, भरून आलं असेल. आठ दिवस तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करत बसला.

आईने कवळी घातली. तो चढलेला दात जागच्या जागी होता. आई आरशात बघून हसली आणि बोटांनी झकास अशी खूण केली. मी मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या. दादा मात्र तिच्या पुढ्यात खाली बसला.

“आई, जीभ खाली घे.”

तिने नाही म्हणून मान हलवली.

“जिभेने धरून ठेवलीस तू. मला कळतं ना गं. घे खाली.”

तिने जीभ खाली घेतली. कवळी सुटून दादाच्या तळहातावर पडली.

“हिरडीखालचं हाड झिजलंय,” तो म्हणाला. “आता काहीच धरणार नाही. तेव्हा केली असती तर काही वर्षं तरी...”

“दे इकडे,” आई म्हणाली. “मी धरीन.”

दादा आता पुन्हा लॅबमध्ये जातो, दुसऱ्या. तो घरी यायच्या वेळेला आई कवळी घालून बसते. तो दिवसभराचं सांगत राहतो आणि ती नुसती हसते. एक शब्द बोलत नाही. बोलायला जीभ लागते.