जीपखालचे सहा रविवार

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये रोपांच्या कुंड्यांवर चिठ्ठ्या डकवत होतो. पलीकडून वहिनी बोलत होत्या. "भाऊजी, या," म्हणाल्या. मग जरा थांबून, "सावकाश या. स्कूटर हळू चालवा. आता घाईचं काही राहिलं नाही…" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी तरीही घाईच केली. इंदिरा नगरपर्यंतचा रस्ता कसा कापला, कोणाला आडवा गेलो, कोणी किती शिव्या घातल्या, काही आठवत नाही. आठवतं ते एकच, की सगळ्या वाटेनं माझ्या डोक्यात दादा नव्हताच. 'वहिनींना कळलं का?' एवढा एकच प्रश्न होता. सख्खा भाऊ गेल्याचं ऐकून ज्याच्या मनात आधी हे येतं, त्यानं त्या भावावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख लिहावा का? लाज वाटते. पण गेले दोन-सव्वादोन महिने मला एका जागी बसवत नाही. निदान कागदापाशी तरी बसेन म्हणून लिहायला घेतलं.

दादा सैन्यात होता, गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावातून अठराव्या वर्षी भरती झाला आणि सुभेदार होऊन बाहेर पडला. शेवटची पोस्टिंग लखनौची, म्हणून इथेच इंदिरा नगरात छोटं घर बांधलं. मला इथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि मीही मागोमाग आलो, विकास नगरात राहू लागलो. निवृत्त वगैरे शब्द त्याच्यासाठी नव्हतेच. जेवायला बसला तरी एका हातानं खुर्चीचा ढिला स्क्रू चाचपत असायचा. कुकरची शिट्टी उशिरा झाली तर तिच्यात काय अडकलंय ते बघायला उठायचा. वहिनी कपाळावर हात मारून म्हणायच्या, "देवानं ह्यांना बूड दिलंय ते कशासाठी, ते एकदा विचारायचंय मला!" मीही त्याच मुशीतला, फक्त मला काही दुरुस्त करता येत नाही. नुसता येरझाऱ्या घालतो.

नव्वद सालच्या आसपास त्यानं सैन्याच्या लिलावातून ती जुनी जीप घेतली. टोचन लावून घरी आणली. वहिनी कौतुकानं हळदकुंकू घेऊन फाटकाशी आल्या आणि बघतच राहिल्या. छप्पर नाही, एक दिवा नाही, सीटमधून काथ्या लोंबतोय! "अहो, ही गाडी आहे की गाडीचा सांगाडा?" दादा म्हणाला, "सांगाडा चांगला असला की बाकी सगळं भरता येतं." पुढची काही वर्षं तो तेच भरत बसला. पेट्रोल पिणारं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, ब्रेक बदलले, छप्पर चढवलं, सीटा नव्यानं भरून घेतल्या. लखनौतल्या लालबागच्या स्पेअर पार्टच्या दुकानदारांना तर तो घरचा झाला होता. "आइए सूबेदार साहब, आज दुल्हन के लिए क्या ले जाएँगे?" असं विचारायचे लेकाचे, आणि दादा खरोखर लाजायचा.

हे सगळं कशासाठी, तर वहिनींना हिमालयात, पिथौरागडच्या वर न्यायचं होतं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तो तिथल्या चौकीवर होता आणि वहिनी गावी सासूपाशी. तिथून तो पत्रं लिहायचा… बर्फ असा पडतो, समोरचं शिखर सकाळी असं दिसतं, एकदा तुला आणीन. ते 'एकदा' वीस-बावीस वर्षं लांबलं होतं. टॅक्सीनं जाऊ म्हटलं की चिडायचा. "शब्द मी दिलाय, टॅक्सीवाल्यानं नाही." रस्ता कच्चा, चढाचा, म्हणून चारही चाकांनी ओढलं पाहिजे असा हट्ट. पुढची दोन चाकं नुसती मिरवायला नाहीत, म्हणायचा. आणि नेमका तो पुढच्या चाकांनाही जोर देणारा चार चाकांचा दांडाच पडत नव्हता. गिअरबॉक्स उतरवून सगळा जोड नव्यानं बसवायला हवा होता.

त्याची कामाची एक पद्धत होती. वहिनींच्या लोणच्याच्या रिकाम्या झालेल्या काचेच्या बरण्या त्यानं ताब्यात घेतल्या होत्या. सुटा केलेला एकेक भाग, त्याचे नट, वायसर, एका बरणीत. काढलं त्या क्रमानं बरण्या पोर्चच्या भिंतीशी मांडायच्या आणि बसवताना उलट्या क्रमानं रिकाम्या करत यायचं. शेवटी भरलेली बरणी उरली तर काम चुकलं. मागच्या दिवाळीनंतर त्यानं गिअरबॉक्स असा खाली घेतला, भिंतीशी बरण्यांची रांग लागली, आणि डिसेंबरात त्याला हार्ट अटॅक आला.

दहा दिवसांनी घरी आला तो डॉक्टरांची बंदी घेऊनच. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जिना चढायचा नाही. वहिनींनी जीपवर ताडपत्री टाकली आणि दोरीनं करकचून बांधली. दादा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. विचारलं तर "हूं", नाही विचारलं तर तेही नाही. मला ते बघवेना. वहिनी दर रविवारी सकाळी इथल्या मराठी मुलांचा वर्ग घ्यायच्या, आठ ते साडेअकरा. मुलं मराठीत ऐकायची आणि हिंदीत उत्तरं द्यायची, तरी बाईंनी बारा वर्षं नेट सोडला नव्हता. आता तो वर्ग बंद करते म्हणाल्या. मी म्हटलं, "छे हो वहिनी! मी बसतो ना दादाजवळ. तुम्ही खुशाल जा." वाक्य माझंच. दादानं मला सांगितलेलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी फक्त ताडपत्रीची दोरी सोडली आणि त्याला खुर्ची टाकून दिली. "नुसतं बघ," म्हटलं. तो अर्धा तास बघत बसला, मग म्हणाला, "बाळू, तो चौदाचा पाना दे." दुसऱ्या रविवारी तो खुर्चीवरून सांगायचा आणि मी करायचो. मी म्हणजे काय, दिव्यच! नट उलटा फिरवून अजून घट्ट करायचो. "अरे शास्त्रज्ञ ना तू? तुझी ती झाडं जगतात तरी कशी?" म्हणून पोट धरून हसायचा. तिसऱ्या रविवारी तो खुर्चीवरून उठला. मी "दादा, नको," म्हटलं, पण ते म्हणण्यापुरतंच. पाचव्या रविवारपर्यंत सोलापुरी चादर अंथरून तो गाडीखाली गेलेला असायचा आणि खालून शिट्टीवर काहीतरी वाजवायचा. त्याला शिट्टी वाजवताना मी पोरवयानंतर ऐकलंच नव्हतं. सव्वाअकराला ताडपत्री परत, दोरीची गाठ वहिनींसारखीच, हात साखर आणि साबणानं चोळून स्वच्छ, आणि स्वारी कॉटवर, भिंतीकडे तोंड! दोघंही शाळेतल्या पोरांसारखे खूश असायचो.

पाचव्याच रविवारी वहिनी पाऊण तास लवकर आल्या. फाटकाची कडी वाजली तेव्हा ताडपत्री कशीबशी पडली होती, पण माझ्या हातात एक बरणी राहिली. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात घुसलो आणि ती फळीवर लोणच्यांच्या रांगेत मागे सरकवून दिली. बरणीसारखी बरणी, कोणाला कळणार? वहिनींना कळलं नाही. मलाही आठवड्याभरात साफ विसर पडला.

सहावा रविवार. त्या दिवशी गिअरबॉक्स चढवायचा होता. जॅकवर फळी ठेवून, इंचाइंचानं, दीड तास लावून आम्ही तो बसवला. दादानं वजनाला हातही लावला नाही, मी लावू दिला नाही, हे देवाशपथ खरं. दहा वाजले होते. मी भिंतीशी बघितलं, बरण्या सगळ्या रिकाम्या. दादा मात्र बोटांवर मोजायला लागला. "एक कमी आहे." मी म्हटलं, "नाही रे." म्हणाला, "इंजिनाच्या टोकाला बसतं ते अंगठीएवढं बेअरिंग. ते कुठाय?" आणि मला ती फळी आठवली. कैरीच्या आणि लिंबाच्या मधोमध, बेअरिंग! ते बसवायचं तर अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यायला हवा. मी म्हटलं, पुढच्या रविवारी करू. दादा घड्याळाकडे बघून म्हणाला, "असा बेअरिंगशिवाय चढवलेला ठेवू? तिनं बघितलं तर? जॅकनं वेळ लागेल. वर्कशॉपात आम्ही छातीवर घ्यायचो. तू दांड्याच्या बाजूनं धर." मी "नको" म्हटलं का? म्हटलं असेन. दोनदा म्हटलं असेन. पण बरणी आणली, आणि धरला. त्यानं उताणं पडून तो लोखंडाचा धोंडा छातीवर घेतला, बेअरिंग बसवलं, आणि तसाच छातीवरून वर लोटला. चेहरा लालभडक झाला होता. "बसला," म्हणाला, आणि मिनिटभर डोळे मिटून पडून राहिला.

मग उठून त्यानं किल्ली फिरवली. चार चाकांचा दांडा पडला. पोर्चमध्ये जागा ती किती, दोन फूट पुढे, दोन फूट मागे, एवढीच जीप हलली. "पुढची ओढतायत रे बाळू!" असं ओरडला. त्या दुपारी जेवताना त्यानं दोनदा भात मागून घेतला. वहिनी इतक्या खूश झाल्या की मला वाढताना म्हणाल्या, "बघा, आराम मानवला ह्यांना." मी मान खाली घालून जेवलो. चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी चहा पिता पिता तो गेला.

छातीवरच्या त्या वजनानं गेला का? डॉक्टरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही, हृदय आधीच कमजोर होतं. सांगता येत नाही! म्हणजे मी काय समजू? झोपताना वाटतं, हो. उठताना वाटतं, नाही. संस्थेत जाईपर्यंत पुन्हा हो.

तेरावं झालं. जीप कशाला ठेवायची, म्हणून तेराव्याला आलेल्या दादाच्या मुलीनं परत जाण्याआधी ओळखीच्यांना सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात बाराबंकीचा एक ठेकेदार बघायला आला. मी तिथेच होतो. वहिनी म्हणाल्या, "भैया, दीवाली से बंद पड़ी है, खुली पड़ी है. सोचकर लीजिए." ठेकेदारानं ताडपत्री काढली, खाली वाकून बघितलं आणि किल्ली मागितली. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं. तो हसत म्हणाला, "अरे माताजी, मज़ाक कर रही हैं आप! गियरबॉक्स तो अभी-अभी चढ़ा है. ये देखिए, ग्रीस तक ताज़ा है." वहिनींनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भैया, बेचनी नहीं है. माफ़ कीजिएगा."

तो गेल्यावर मी सगळं बोललो. म्हणजे सगळं नाही. रविवारचं सांगितलं, पाना-पकडीचं सांगितलं. मला वाटलं, आता विचारतील, माझ्या माणसाला मारलंत का. उत्तराची तयारी मी तीन आठवडे केली होती. वहिनींनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "शिट्टी वाजवायचे?" मी हो म्हटलं. "हसायचे?" हो. त्यांचा आवाज एकदम चढला. त्या आमच्या घरात आल्यापासून तेवीस वर्षांत तो चढलेला मी ऐकला नव्हता. "आणि मी काय बघत होते हो, भाऊजी? भिंत! त्यांची पाठ आणि भिंत! मला वाटायचं, माणूस मनानं आधीच निघून गेलाय. रोज देवापुढे रडत होते मी. आणि तुम्ही मला म्हणालात, खुशाल जा! मरण कोणाच्या हातात असतं? पण ते हसत होते ना… ते मला का नाही बघू दिलंत? मी तिथे नुसती स्टूल टाकून बसले असते."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "रविवारी या. पहिल्या रविवारी काय काय झालं ते सांगा. काही गाळू नका." तेव्हापासून हे चाललंय. वहिनी जीपशेजारी स्टूलवर बसतात, मी समोर उभा राहून सांगतो, कारण मला बसवत नाही. एका बैठकीला एक रविवार. त्या विचारतात, शर्ट कुठला होता, चहा किती वेळा झाला, "झाडं जगतात तरी कशी" हे नेमकं कसं म्हणाले. दुसऱ्या रविवारच्या वेळी त्या हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. असे पाच सांगून झाले. पाचव्यात लोणच्याच्या फळीपर्यंत आलो आणि उरलेलं पुढच्या वेळी म्हणून सुटका करून घेतली. मागच्या रविवारी मी गेलोच नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता.

तोंडानं होत नाही, म्हणून सहावा रविवार इथे लिहिलाय. वहिनी, पुण्याहून टपालानं निघालेली ही पुरवणी आपल्याकडे मंगळवारी येते. मंगळवारी मी रजा घेतली आहे. तुम्ही वाचत असाल तेव्हा मी बाहेर फाटकाशी उभा असेन. कडी मी वाजवणार नाही, तुम्ही काढेपर्यंत थांबेन.