विहिरीवरचा दुभाषी

त्या दिवशी विहिरीच्या काठावर आम्ही तिघं होतो. दोन बायका, ज्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि मधे मी, ज्याला दोन्ही येत होत्या. एकीनं विचारलं, दुसरीनं उत्तर दिलं, आणि मी ते उत्तर बदलून सांगितलं. हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही. ज्याच्या फायद्याचं ते होतं, त्या प्लॉटवाल्यालासुद्धा माहीत नाही. तो तेव्हा गाडीत बसून मोसंबी सोलत होता.

मी भूजल सल्लागार. म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे, किती आहे, बोअर कुठे मारावी, हे सांगणारा माणूस. भूगर्भशास्त्राची डिग्री आणि महाडला एसटी डेपोजवळ एक खोलीचं ऑफिस, एवढा माझा पसारा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि मुंबईच्या लोकांना अचानक कोकण दिसायला लागलं होतं. जो तो टेकडी विकत घेऊन तिचे प्लॉट पाडत होता.

त्यातलाच एक नितीनभाऊ. ठाण्याहून आलेला. पोलादपूरच्या पुढे डोंगराच्या सोंडेवर त्याने साठ प्लॉट पाडले आणि परदेशातल्या निवृत्त लोकांसाठी इंग्रजीत माहितीपत्रक छापलं. गुळगुळीत कागद. वर हरिहरेश्वरच्या समुद्राचा फोटो, खाली एक गोरं म्हातारं जोडपं आरामखुर्चीत. ‘बारा महिने ऊन, हाकेच्या अंतरावर समुद्र, तुमच्या पेन्शनमध्ये राजासारखं जगा.’ बारा महिने ऊन! आमच्याकडे जूनमध्ये गेलेलं ऊन कधीकधी गणपतीलाच भेटतं. आणि समुद्र त्या सोंडेपासून गाडीने दोन-अडीच तास.

मी म्हटलं, “भाऊ, समुद्र कुठाय?”

तो म्हणाला, “खाली सावित्री दिसते ना? ती कुठे जाते?”

“समुद्राला.”

“मग! तुम्ही शिकलेली माणसं फार खुसपटं काढता बुवा.”

पहिली सहा गिऱ्हाईकं लागली. त्यांतलं एक जोडपं इंग्लंडचं. नवरा केन, आयुष्यभर टपाल वाटलेला, सांधे आखडलेले. डॉक्टरने त्याला उबदार हवेत राहायला सांगितलं होतं. बायको डोरा, निवृत्त नर्स. तिचे वडील गोव्याचे, जन्म नैरोबीचा, घरात बोलणं सगळं इंग्रजी. वंशाने भारतीय म्हणून प्लॉट तिच्या नावावर होऊ शकत होता. आधी त्यांनी स्पेन बघितला होता. तो महाग पडला. मग हे माहितीपत्रक हाती आलं. घर विकून ते सगळं इथेच घालणार होते. तिकडे परत जायला काही उरणार नव्हतं, हे तिनेच मला सांगितलं.

ते ऑक्टोबरात जागा बघायला आले. भाऊने मला यील्ड टेस्ट करायला लावली होती. यील्ड टेस्ट म्हणजे बोअरला पंप लावायचा, पाणी किती येतं ते मोजायचं, पंप बंद करून पातळी किती वेळात वर येते ते बघायचं. आता आमचा डोंगर काळ्या कातळाचा. पाऊस धो धो पडतो आणि तसाच सावित्रीत निघून जातो. कातळ पाणी धरत नाही. ऑक्टोबरात तिथे यील्ड काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसाला भूक आहे का विचारणं. आमच्याकडे मुलगी द्यायची असली तर बाप वैशाखात येतो, घर नंतर बघतो, आधी विहिरीत वाकतो. हे अडाण्याला कळतं. मला डिग्री होती.

टेस्ट अर्थातच उत्तम आली. रिपोर्टवर मी तारीख घातली, आकडे खरे घातले, सही केली. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आमच्या धंद्यातल्या सर्टिफिकेटांची हीच गंमत असते.

केन खूश होता. दरीकडे बघत मला म्हणाला, “आमच्याकडे एवढ्या पैशांत एक गॅरेज येतं. इथे बंगला, माळी आणि मोलकरीणसुद्धा.” मग खिशातून कॅल्क्युलेटर काढून माळ्याचा हिशोब करायला लागला. मला त्याचा संताप आला. माझ्याच मुलखात उभा राहून हा माझ्यासारख्या माणसांचे भाव काढतोय, असं वाटलं.

डोराचं लक्ष रिपोर्टात नव्हतं. ती सोंडेच्या पोटातल्या वाडीच्या विहिरीकडे बघत होती. तिथे पार्वतीबाई पाणी शेंदत होत्या. चाळिशीच्या, हाडापेराने मजबूत. डोरा सरळ उतरून त्यांच्याकडे गेली. मला जावं लागलं.

ती मला म्हणाली, “हिला विचारा, कुठल्या महिन्यापासून हिला पाण्यासाठी लांब जावं लागतं?”

चाळीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईचा प्रश्न होता तो. दुखतंय का नाही विचारलं, कधीपासून दुखतंय ते विचारलं. माझ्या सगळ्या टेस्टपेक्षा तो प्रश्न हुशार होता.

मी पार्वतीबाईंना विचारलं. त्यांनी राजू, म्हणजे शेंदायचा दोर, हातात धरूनच सांगितलं, “शिमग्यापातूर हाय पानी. मंग ठणठणाट. मंग आमी त्या नाल्यातल्या झऱ्यावर बसतो, वाटी वाटीनं हंडा भरायचा, निम्मा दीस जातो. बायला सांग रे दादा, हितं घर बांधू नको म्हनावं. आमालाच पुरत नाय.”

डोरा माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी इंग्रजीत म्हणालो, “उन्हाळ्यात जरा खाली जातं म्हणते. पण विहीर कधी आटली नाही.”

डोरा हसली. तिने पार्वतीबाईंचा हात हातात घेतला. पार्वतीबाईंनी मला विचारलं, “सांगितलास ना रे?”

“सांगितलं.”

“मंग हसते का ही?”

“तशीच आहे ती,” मी म्हटलं.

का केलं, याचं उत्तर मी बरीच वर्षं ‘पुढच्या बोअरचं काम’ असं देत होतो. भाऊने उरलेल्या प्लॉटच्या बोअर मला कबूल केल्या होत्या, ते खरं आहे. पण त्या क्षणी डोक्यात काम नव्हतं. डोक्यात कॅल्क्युलेटर होता. वाटलं, येऊ देत. एक उन्हाळा काढतील, चटके बसले की जातील. हौस फिटेल. म्हणजे राग नवऱ्याचा, आणि काढला तो बायकोवर.

वर्षभरात बंगला उभा राहिला. डिसेंबरात ते राहायला आले. शिमगा झाला, आणि आठवड्याभरात बोअरला हवा यायला लागली. भाऊ ठाण्याहून फोनवर म्हणाला, “टँकर मागवा.” टँकर त्या चढावर चढेना. मग भाऊच्या वॉचमनने कुणाला न विचारता नाल्यातल्या झऱ्याला मोटर लावली आणि पाइप वर सहा बंगल्यांच्या टाकीत सोडला.

दोन दिवसांत वाडीने तो पाइप उपटून फेकला. डोराला मोटरचा पत्ताच नव्हता. कळल्यावर तीच पहिली वॉचमनवर ओरडली, असं मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः कळशी घेऊन झऱ्यावर जाऊ लागली. वाडीत झऱ्यावर नंबर असतो. ज्याचं भांडं आधी, त्याची वाटी आधी. डोराचं भांडं रांगेत कुणी ठेवूच देईना. भांडणतंटा काही नाही. बायका नुसतं तिचं भांडं उचलून शेवटी ठेवायच्या, आणि शेवट यायच्या आत झरा आटायचा. मग बाकीच्या पाच बंगलेवाल्यांनी कुलपं लावली. ही दोघं कुठे जाणार? केन दुखऱ्या गुडघ्यांनी दोन डबे घेऊन सावित्रीवर उतरायचा आणि अर्ध्या वाटेत बसायचा.

मे महिन्यात डोरा माझ्या ऑफिसात आली. एकटी, एसटीने. उन्हाने रापलेली, हाताला घट्टे. मी उठून पंखा लावला, चहा सांगितला. ती इंग्रजीत बोलेल असं मी धरून चाललो होतो. ती मराठीत बोलली. वाडीतली मराठी, मोडकीतोडकी, ऐकून ऐकून शिकलेली.

“दादा, पार्वती बोलते, मी जानून आली. तिनं सांगितला, तरी मी आली. तिच्या पान्यावर आली.”

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

“मला तू हा नाय सांगितलास.”

“नाही सांगितलं,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता वकिलाचं नाव निघेल. महाडला कोर्ट समोरच आहे, मी मनातल्या मनात साक्षीची तयारीसुद्धा केली. रिपोर्ट खरा होता, तारीख खरी होती. कुणी माझं काही वाकडं करू शकत नव्हतं.

मग ती इंग्रजीवर आली. शांतपणे म्हणाली, “मला तुमच्याकडून भरपाई नको. आम्हाला इथे राहायचंय, आता दुसरीकडे जागा नाही. पाणी कमी असेल तर कमी घेऊ. पण त्या बायका मला चोर समजतात, माझं ऐकूनच घेत नाहीत. तुम्ही वाडीवर या आणि पार्वतीला सांगा की मला माहीत नव्हतं. एवढंच.”

“येतो,” मी म्हणालो.

“कधी?”

“सोमवारी.”

सोमवारी मी निघालो. पोलादपूरला उतरलो. स्टँडसमोर चहा घेतला. वर जाणारी जीप भरत होती. मी दुसरा चहा घेतला. वाडीतली माणसं मला बोअरसाठी ओळखतात, उद्या दुसऱ्या वाडीला कळेल, मग तालुक्याला, असा सगळा विचार केला. हिशोब करण्यात मीही काही कमी नव्हतो. जीप भरून गेली. मी महाडची गाडी पकडली.

पाऊस लागायच्या आत ती दोघं गेली. मुंबईपर्यंतची गाडी मीच ठरवून द्यावी म्हणून निरोप आला होता, केनचा. मी ड्रायव्हर पाठवला, स्वतः गेलो नाही. तिकडे त्यांना डोराच्या बहिणीच्या घरी एक खोली मिळाली, असं वॉचमनने सांगितलं. बंगल्याच्या खिडक्या पुढच्या दोन पावसाळ्यांत गेल्या. नितीनभाऊने दापोलीकडे नवी स्कीम काढली. तिथे समुद्र खरोखर होता, त्यामुळे माहितीपत्रक फारसं बदलावं लागलं नाही.

धंद्यातला धडा विचाराल तर असा: डोंगराळ भागात बोअरची टेस्ट अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करावी. ऑक्टोबरचा रिपोर्ट कुणी दाखवला तर त्यात भजी बांधावीत. आणि दुभाष्याचं काम अशा माणसाला द्यावं, ज्याला दोन्ही बाजूंपैकी कुणाचाच राग आलेला नाही.

चार वर्षांनी पार्वतीबाई मला महाडच्या बाजारात भेटल्या. सुकी मासळी घेत होत्या. त्यांनीच हाक मारली. घरची चौकशी केली. मग म्हणाल्या, “ती बाय काय वाईट नव्हती रे. माझ्या सुनेचं बालंतपन तिनंच केलंन. रातभर बसली होती. पन सांगून पन आली ना, त्याचा राग आला आमाला. तू तर सांगितला होतास.”

मासळीवाली सुटे पैसे मागत होती. गर्दी होती. मी मान हलवली.

पार्वतीबाई अजून वाडीवरच आहेत. आता जीप दारापर्यंत जाते. डोराला माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं, ही दोन वाक्यं त्यांना जाऊन सांगायचं माझं राहिलेलं आहे.