अक्काचा अंगठा

अक्काला रागावता येत नाही. घरातला तो ठेका धाकट्या बहिणीनं घेतलाय.

अक्का एका कारखान्यात काचेवर नक्षी काढते. काचेला मेणाचा थर द्यायचा, सुईनं खरवडून त्यात बगळा काढायचा, काच ट्रेमध्ये ठेवून वर ॲसिड सोडायचं. उघड्या रेघा तेवढ्या ॲसिड खातं. काचच खातं, म्हणून ते बाटलीत नाही, प्लास्टिकच्या कॅनमध्ये असतं. रेघ किती खोल गेली हे बघायला काच धुवायची, हातमोजा काढायचा आणि अंगठा फिरवायचा. तिथले सगळे कारागीर असंच करतात. मोज्यातून काय कळतंय, कप्पाळ!

त्या दिवशी घाईत धुवायच्या आधीच अंगठा फिरला. चटका नाही, चुरचुर नाही. अक्कानं तो फडक्याला पुसला आणि पुढचा पंख धरला. दुपारी नखाखाली ठणका लागला.

मालक म्हणाला, "जखम तर दिसत नाही. आयोडीन लावा आणि हात चालवा. ही दाराची काच आजच जायचीय."

तयार काचा टेम्पोतून पोचवायचं काम धाकटीचं. ती आत आली तर अक्का तो तपकिरी अंगठा काखेत दाबून बसलेली, तोंड पांढरंफटक.

"काय झालं?"

"काही नाही गं. एवढा बगळा होऊ दे."

"बगळा गेला खड्ड्यात! ऊठ!"

"अहो, गिऱ्हाईक थांबलंय," मालक म्हणाला.

"मग घाला तुमचं बोट त्या ट्रेमध्ये आणि करा पुरा!"

तिनं अक्काचा अंगठा नळाखाली धरला, मग अक्काला टेम्पोत कोंबलं.

कुठलं ॲसिड ते ऐकताच दवाखान्यातली डॉक्टरीण ताडकन उठली. अंगठ्यावर कॅल्शियमची जेली चोळता चोळताच बोलायला लागली. "फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, एका घरातली भावंडं. थोरलं सगळ्यात हावरट. खाली येता येता हाव कमी होत जाते. या ॲसिडात ते थोरलंच आहे. आवाज न करता आत शिरतं आणि हाडातलं कॅल्शियम धरतं. आयोडीन पडलं मवाळ, ते काय सोडवणार? आपणच वरून कॅल्शियम द्यायचं, म्हणजे हाडाला सोडेल. ही ट्यूब कारखान्यात नव्हती?"

धाकटीच्या कानशिलात वणवा पेटला. आमच्या घरात उलटं आहे, तिला वाटलं. थोरली मवाळ, म्हणून तिच्या हाडावर कोणीही जेवतंय!

उजवा अंगठा वाचला. नख गेलं, टोक बधिर झालं.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं टेम्पो कारखान्याच्या दारात आडवा लावला. "ट्यूब येईपर्यंत एक काच हलणार नाही."

"चार काचा वाहतेस आणि मला शिकवतेस?"

"आज तेवढ्याही वाहत नाही. बसा बघत!"

संध्याकाळच्या आत ट्यूब आली. तिनं ती ट्रेच्या वर सुतळीनं टांगली आणि आयोडीनची बाटली कचऱ्यात भिरकावली. बिचाऱ्या आयोडीनचा काय गुन्हा, पण मालकाला भिरकावता येत नव्हतं.

अक्का कामावर परतली. रेघा खाऊन झाल्या तसा हळूच डावा मोजा उतरवायला लागली.

"अक्के!"

"डावा आहे गं हा."

"डावा गेला की पायाचा काढशील! घाल तो मोजा!"

"मग खोली कशी कळायची?"

धाकटीनं काच ओढली, नळाखाली धरली, पुन्हा धरली, तिसऱ्यांदा धरली. मग स्वतःचा अंगठा बगळ्याच्या मानेवरून फिरवला.

"लागतंय का खोल?"

"मला काय कळतंय डोंबलाचं!"

"फिरव परत. सावकाश."

मालकाच्या सात पिढ्या काढत धाकटी परत फिरवायला लागली.